न विकता येणारी रजा

जर्मनीत रजा विकता येत नाही. नोकरीत असलेल्या माणसाने कायद्याने मिळणारी रजा घेतली नाही आणि वर्षअखेरीला तिचे पैसे मागितले, तर मालकाची इच्छा असली तरी ते देता येत नाहीत. पैसे मिळतात ते फक्त नोकरी सुटताना, तेही उरलेली रजा घ्यायला वेळच नसला तर.

मराठी वाचकाला हे जरा उलटं वाटेल. आपल्याकडे सरकारी नोकरीतून निवृत्त होणारा माणूस साठवलेल्या अर्जित रजेचं रोखीकरण करून घरी जातो, तीनशे दिवसांपर्यंत. त्या पैशांतून फ्लॅटचं उरलेलं कर्ज फिटतं किंवा लेकीचं लग्न उरकतं. रजा शिल्लक टाकणं ही आपल्या मध्यमवर्गाची एक जुनी, अबोल बचत योजना आहे. निरोपसमारंभात ‘साहेबांनी कधी रजा म्हणून घेतली नाही’ हे वाक्य टाळ्या मिळवून जातं. जर्मन कायद्याच्या दृष्टीने या वाक्यात कौतुक करण्यासारखं काही नाही. असलाच तर साहेबांच्या वरिष्ठांचा हलगर्जीपणा आहे.

हा कायदा १ जानेवारी १९६३ पासून लागू आहे. त्यात ‘कामाचा दिवस’ म्हणजे सोमवार ते शनिवार. तेव्हाच्या पश्चिम जर्मनीत किमान रजा अशा १५ दिवसांची होती, १९९५ पासून ती २४ झाली. पाच दिवसांच्या आठवड्याच्या हिशेबाने आज ती २० दिवस भरते. हा तळ झाला. प्रत्यक्षात धातू, मोटार आणि विद्युत उद्योगांतल्या कामगार संघटनांच्या करारांनी सहा आठवडे, म्हणजे ३० दिवस रजा रुळवली आहे आणि बऱ्याच कंपन्या करारात नसूनही तेवढी देतात. शेजारी महाराष्ट्राचा २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा ठेवला, तर वर्षाला ८ किरकोळ रजा आणि दर २० दिवसांच्या कामामागे एक अर्जित रजा असं गणित निघतं. आकड्यांतलं अंतर मोठं आहे, पण खरा फरक आकड्यांत नाही. आपला कायदा रजा साठवू देतो, ४५ दिवसांपर्यंत. जर्मन कायदा साठवण्याकडे संशयाने पाहतो.

त्याची कलमं वाचताना एखादा वडीलधारा माणूस मागे लागलाय असं वाटतं. रजा शक्यतो सलग द्यावी, तुकडे करायचेच तर एक तुकडा किमान दोन आठवड्यांचा हवा. रजेत विश्रांतीच्या हेतूला बाधा येईल असं कमाईचं काम करायचं नाही. वर्षाची रजा त्याच वर्षी संपवायची, अगदी अडचण असली तर पुढच्या ३१ मार्चपर्यंत. आणि रजेत आजारी पडलात तर डॉक्टरच्या दाखल्याचे दिवस रजेतून वजा होत नाहीत, ते परत मिळतात. कारण आजारी माणूस विश्रांती घेत नसतो, तो बरा होत असतो.

हे शेवटचं कलम मायदेशी येणाऱ्या भारतीयांच्या कामाचं आहे. मे महिन्यात कोल्हापूरला आलेल्या माणसाला कावीळ झाली, तर कोल्हापूरच्या डॉक्टरचा दाखला स्टुटगार्टमधल्या कंपनीला चालतो. मात्र तो नुसता ‘कावीळ झाली आहे’ असा नको, ‘कामास असमर्थ’ हे त्यात स्पष्ट हवं, आणि परदेशातला पत्ता कंपनीला ताबडतोब कळवायला हवा. याचा गैरफायदा घेणारेही असतात. ट्युनिशियाला सुट्टीवर गेलेल्या एका गोदाम कामगाराने तिथल्या डॉक्टरचा दाखला पाठवला: चोवीस दिवस सक्त विश्रांती, हालचाल नको, प्रवास नको. दुसऱ्याच दिवशी त्याने परतीच्या बोटीचं तिकीट काढलं आणि विश्रांतीची मुदत संपायच्या आदल्या दिवशी प्रवासाला निघाला. आधीच्या वर्षांतही त्याच्या सुट्ट्यांच्या शेवटी आजारपण आलं होतं. जानेवारी २०२५ मध्ये केंद्रीय कामगार न्यायालयाने म्हटलं, की दाखला परदेशी आहे म्हणून कमी मोलाचा ठरत नाही, पण सगळी परिस्थिती एकत्र पाहिली तर त्यावर शंका घेता येते.

वर्षात न घेतलेली रजा बुडण्याचं जे कलम आहे, त्याला मोठा धक्का बसला तो एका शास्त्रज्ञामुळे. मॅक्स प्लांक ही जर्मनीतली विज्ञान संशोधनाची अग्रगण्य संस्था. तिथे २००१ ते २०१३ अशी अनेक वर्षं काम केलेल्या एका जपानी संशोधकाने नोकरी संपताना शेवटच्या दोन वर्षांतल्या न घेतलेल्या ५१ दिवसांच्या रजेचे पैसे मागितले. संस्थेचं म्हणणं सरळ होतं: तुम्ही मागितली नाहीत, वर्ष संपलं, रजा बुडाली. प्रकरण लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयात गेलं. ६ नोव्हेंबर २०१८ च्या निकालाने हे उत्तर पुरेसं नाही असं सांगितलं. नोकर हा मालकापुढे दुबळा पक्ष आहे, तो संकोचाने मागणार नाही, भीतीनेही मागणार नाही. म्हणून ‘तुमची इतकी रजा बाकी आहे, घेतली नाहीत तर बुडेल’ हे वेळेत आणि स्पष्ट सांगणं मालकाचं काम. त्याने सांगितल्याचा पुरावा नसेल, तर रजा बुडत नाही. पुढच्या फेब्रुवारीत जर्मनीच्या केंद्रीय कामगार न्यायालयाने हाच नियम उचलला. आता शरद ऋतूत कंपन्यांतून पत्रं निघतात, तुमची रजा उरली आहे म्हणून. नव्याने गेलेला भारतीय कर्मचारी ते पत्र वाचून क्षणभर बिचकतो; आपल्या कामात काही खोट निघाली की काय!

कधी घ्यायची, हेही एकट्या साहेबाच्या मर्जीवर नाही. कायदा म्हणतो, कर्मचाऱ्याची इच्छा विचारात घ्यायचीच. आड येऊ शकते ती कामाची तातडी किंवा ज्याची गरज सामाजिकदृष्ट्या मोठी आहे अशा सहकाऱ्याची मागणी. शाळकरी मुलांचे आईबाप इथे पुढे असतात. जिथे कामगारांची निवडून दिलेली परिषद आहे (पाच कायम कर्मचारी असले की ती निवडता येते) तिथे रजेच्या वेळापत्रकाचे नियम तिच्या संमतीशिवाय ठरत नाहीत. त्यामुळे वर्ष सुरू होताच रजांचा तक्ता फिरतो आणि एकट्या राहणाऱ्या मराठी अभियंत्याला गणपतीसाठी ऑगस्टच्या अखेरपासूनचे चार आठवडे हवे असतील, तर त्याला बव्हेरियातल्या शाळांच्या उन्हाळी सुट्टीशी झुंजावं लागतं. दिवाळी त्या मानाने सोपी, तोवर जर्मन कुटुंबं उन्हाळी सहलींवरून कधीच परतलेली असतात.

ही झाली धडधाकट माणसाची रजा. आजारी माणसाच्या रजेची कथा जास्त कडवी आहे, आणि तिला तारीख आहे.

२४ ऑक्टोबर १९५६. देशाच्या उत्तर टोकाला श्लेसविग-होल्श्टाईन प्रांतात, कील, ल्यूबेक आणि फ्लेन्सबुर्गच्या जहाजगोद्यांमध्ये आणि धातू कारखान्यांत काम थांबलं. मुख्य मागणी पगारवाढीची नव्हतीच. कार्यालयात बसणारा कारकून आजारी पडला तर त्याला सहा आठवडे पूर्ण पगार मिळे. जहाजाचे पत्रे जोडणाऱ्या कामगाराला पहिले काही दिवस कोरडे काढावे लागत आणि मग विमा निधीतून कमाईच्या निम्म्याच्या आसपास रक्कम हाती येई. दोघांना ताप सारखाच येतो, मग हा भेद का, एवढाच प्रश्न होता. आजारपणाचा विमा जर्मनीत नवा नव्हता. समाजवाद्यांच्या पायाखालची वाळू सरकवण्यासाठी बिस्मार्कने १८८३ मध्येच तो आणला होता. पण अंगमेहनत आणि लेखणी यांच्यातली भिंत त्यानेही पाडली नाही.

संप ११४ दिवस चालला, अख्खा उत्तरेचा हिवाळा. तीस हजारांवर कामगार त्यात होते. ‘आय. जी. मेटाल’ या संघटनेने संपकऱ्यांसाठी वार्तापत्र काढलं, नाटकं आणि चित्रपट दाखवले. रिकाम्या हातांचा माणूस घरात बसला की खचतो, हे पुढाऱ्यांना ठाऊक होतं. तडजोडीचे मसुदे आले आणि कामगारांनी ते मतदानाने फेटाळले. फेब्रुवारी १९५७ मधल्या शेवटच्या मतदानातही बहुमत तडजोडीच्या विरोधातच होतं, पण संप चालू ठेवायला ७५ टक्के लागत आणि तेवढे भरले नाहीत. वर पुढच्या वर्षी न्यायालयाने संघटनेलाच नुकसानभरपाईला जबाबदार धरलं. म्हणजे कागदावर पाहिलं तर निम्मी हारच. तरीही त्याच १९५७ साली मालकाने आजारी कामगाराच्या विमा रकमेत भर घालावी असा कायदा झाला, १९६१ मध्ये ती भर वाढली, आणि १ जानेवारी १९७० पासून कामगारालाही पूर्ण पगाराचे सहा आठवडे मिळू लागले.

आज नियम असा: सहा आठवडे पूर्ण पगार मालकाकडून. त्यानंतर आरोग्य विमा निधीकडून ढोबळ पगाराच्या ७० टक्के, पण हाती येणाऱ्या पगाराच्या ९० टक्क्यांहून जास्त नाही, आणि तेही एका आजारासाठी तीन वर्षांत ७८ आठवड्यांपर्यंत. तीन दिवसांपेक्षा जास्त आजार असेल तर डॉक्टरचा दाखला, मालकाने सांगितलं तर पहिल्या दिवसापासून. पूर्वी हा दाखला पिवळ्या कागदावर असे. २०२३ पासून सरकारी विम्यातल्या कर्मचाऱ्यांचा दाखला मालक थेट विमा निधीकडून संगणकावर मागवून घेतो. आजार कोणता, हे मालकाला कळत नाही आणि त्याने ते विचारायचंही नसतं. ‘पोट बिघडलंय की नुसता कंटाळा आलाय?’ असं हसत विचारणाऱ्या आपल्याकडच्या साहेबाला हा नियम जड जाईल.

या सवलतीला हात लावायचा प्रयत्न झाला नाही असं नाही. हेल्मुट कोल यांच्या सरकारने ऑक्टोबर १९९६ पासून आजारपणाचा पगार ८० टक्क्यांवर आणला. डाइमलर-बेंझने तो लगेच अमलात आणायचं जाहीर करताच कारखान्यांतून माणसं बाहेर पडली आणि कंपनीला माघार घ्यावी लागली. अनेक उद्योगांतल्या करारांनी १०० टक्के राखले. १९९८ मध्ये कोल हरले. पराभवाची कारणं पुष्कळ होती, पण नव्या श्रोडर सरकारने १ जानेवारी १९९९ ला जुना नियम परत आणला, यावरून मतदाराला काय झोंबलं होतं हे दिसतं. गेल्या काही वर्षांत वाद पुन्हा पेटलाय. सरकारी आकडेवारीनुसार जर्मन कर्मचारी वर्षाला सरासरी पंधराएक दिवस आजारी असतो. २०२४ मध्ये बर्लिनजवळच्या टेस्ला कारखान्याचे व्यवस्थापक आजारी कामगारांच्या घरी जाऊन धडकले. जानेवारी २०२५ मध्ये आलियान्झ या विमा कंपनीचे प्रमुख ओलिव्हर बेटे यांनी सुचवलं, की आजारपणाचा पहिला दिवस बिनपगारी करावा. म्हणजे १९५६ चे कोरडे दिवस परत. कामगार संघटनांचं उत्तर असं, की दाखले आपोआप संगणकावर जाऊ लागल्यापासून पूर्वी नोंदीतच न येणारे दिवसही मोजले जातायत, आकडा त्यामुळेही फुगलाय. मला दोन्ही बाजूंत तथ्य दिसतं. पण बिनपगारी पहिल्या दिवसाच्या भीतीने खोकत कामावर येणारा माणूस अख्ख्या विभागाला आजारी पाडतो, हे हिशेब मांडणाऱ्यांनी धरलेलं दिसत नाही.

या सगळ्या व्यवस्थेतली सर्वांत हुशार गोष्ट मात्र फारशी कुणाच्या बोलण्यात येत नाही, कारण ती दिसायला रुक्ष आहे. ती आहे बाळंतपणाच्या रजेचं बिल कोण भरतं ही.

प्रसूतीआधी सहा आठवडे आणि नंतर आठ आठवडे (जुळं किंवा अपुऱ्या दिवसांचं बाळ असेल तर बारा) आईला पूर्ण पगाराची रजा असते. जन्मानंतरचे आठ आठवडे तर तिची स्वतःची इच्छा असली तरी तिला कामावर घेता येत नाही. जून २०२५ पासून तेराव्या आठवड्यापासून पुढे गर्भपात झालेल्या स्त्रीलाही दोन ते आठ आठवड्यांचं संरक्षण मिळतं. पैशांची वाटणी अशी, की विमा निधी दिवसाला जास्तीत जास्त १३ युरो देतो आणि उरलेला पगार मालकाने भरायचा. पूर्वी ही भर छोट्या आस्थापनांनाच सामायिक निधीतून परत मिळे, मोठ्या कंपन्या ती स्वतः सोसत. हे प्रकरण घटना न्यायालयात गेलं. १८ नोव्हेंबर २००३ च्या निकालात न्यायालय म्हणालं, की आईच्या रक्षणासाठी केलेला खर्च एकेका मालकावर असा पडत असेल, की तो तरुण बायकांना नोकरीच देईनासा होईल, तर ते संरक्षण स्त्रियांवरच उलटतं. समान हक्काच्या तत्त्वात ते बसत नाही. सरकारला दोन वर्षांची मुदत मिळाली. १ जानेवारी २००६ पासून लहान-मोठा प्रत्येक मालक आपल्या एकूण वेतनबिलाचा एक टक्क्याहूनही लहान हिस्सा सामायिक निधीत टाकतो. त्याच्याकडे एकही बाई नसली, सगळे पन्नाशीचे पुरुष असले, तरी टाकतो. आणि ज्याच्याकडे कुणी बाळंतीण होते, त्याला त्या निधीतून सगळी भर परत मिळते.

आता आपल्याकडे पाहा. २०१७ च्या कायदेदुरुस्तीने भारतात पहिल्या दोन अपत्यांसाठी पगारी प्रसूती रजा २६ आठवड्यांची झाली. जर्मनीच्या १४ आठवड्यांपेक्षा जवळपास दुप्पट, आणि त्याचा आपल्याला अभिमानही वाटला. पण कर्मचारी राज्य विम्याच्या मर्यादेत येणारी बाई सोडली, तर हे सहा महिने तिच्या मालकाने एकट्याने भरायचे. पिंपरीतल्या पंचवीस माणसांच्या छोट्या कारखान्याचा मालक मुलाखतीला आलेल्या नवविवाहितेकडे पाहून मनात कोणतं गणित मांडतो, हे सांगायला पाहणीची गरज नाही. त्याला दुष्ट ठरवून भागणार नाही. आपण रजा लांब केली आणि बिल त्याच्या टेबलावर ठेवून निघून आलो.

बाळंतपणाच्या रजेनंतर जर्मनीत दुसरा टप्पा सुरू होतो. आई आणि बाप दोघांनाही प्रत्येक मुलामागे प्रत्येकी तीन वर्षांपर्यंत बिनपगारी संगोपन रजा घेता येते, नोकरी शाबूत राहते. त्यातल्या पहिल्या काळात सरकारी तिजोरीतून पालकभत्ता मिळतो, आधीच्या निव्वळ कमाईच्या साधारण दोन तृतीयांश, महिन्याला किमान ३०० आणि कमाल १८०० युरो. जानेवारी २००७ मध्ये तेव्हाच्या कुटुंबमंत्री उर्सुला फॉन डेर लायेन यांनी तो आणला. एका पालकाला बारा महिने, आणि दुसऱ्यानेही किमान दोन महिने घेतले तर एकूण चौदा. हे दोन महिने बापासाठी लावलेलं आमिष होतं. बव्हेरियातले पुढारी पीटर रामसाउअर यांनी ‘लंगोट बदलण्याची उमेदवारी’ म्हणून त्याची टर उडवली. पण पुरुषांनी टर मनावर घेतली नाही. आधी संगोपन रजा घेणारा बाप शोधावा लागे. आता चाळीस टक्क्यांहून जास्त बाप भत्ता घेतात. त्यातले बहुतेक नेमके दोनच महिने घेतात, हेही खरं, आणि बऱ्याचदा त्या दोन महिन्यांत कुटुंब लांबच्या प्रवासाला निघतं. मराठी घरांत याच महिन्यांत बाळाला घेऊन आजी-आजोबांकडे यायचा बेत शिजतो. खुद्द जन्माच्या वेळी बापाला मात्र कायद्याने वेगळी पगारी रजा नाही. युरोपीय संघाने दहा दिवस द्यायला सांगितलं आहे, जर्मनी म्हणते आमचा पालकभत्ता पुरे आहे. आणि ते १८०० युरो २००७ पासून जागचे हललेले नाहीत. महागाईने त्यांचं मोल कधीच खाल्लंय.

हे सगळं फुकट नाही. पहिला जर्मन पगार हातात आल्यावर भारतीय माणूस पगाराची स्लिप दोनदा वाचतो. पेन्शन १८.६ टक्के, आरोग्य विमा १४.६ टक्के आणि वर विमा निधीचा अधिभार, बेरोजगारी विमा २.६ टक्के, वृद्ध-आजारी शुश्रूषेचा विमा ३.६ टक्के. ढोबळमानाने यातला निम्मा भार मालकाचा, निम्मा आपला. मूलबाळ नसलेल्याला शुश्रूषेसाठी थोडं जास्तच भरावं लागतं. आयकर वेगळा. शुश्रूषेचा हा विमा १९९५ मध्ये आला, तेव्हा मालकांच्या हिश्शाची भरपाई म्हणून देशाने एक सणाची सुट्टी रद्द केली, नोव्हेंबरमधला प्रायश्चित्त आणि प्रार्थनेचा प्रोटेस्टंट दिवस. एकट्या सॅक्सनी प्रांताने ती सोडली नाही, म्हणून तिथला कर्मचारी आजही त्या विम्याचा मोठा वाटा स्वतः भरतो. सुट्टीचा इतका रोखठोक सौदा मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

सणांच्या सुट्ट्यांचा नकाशाही गमतीचा आहे. देशभर सारख्या फक्त नऊ. बाकी प्रांतागणिक, कधी गावागणिक. बव्हेरियात १५ ऑगस्टला मेरीच्या स्वर्गारोहणाची सुट्टी असते, पण ज्या गावात कॅथलिक प्रोटेस्टंटांपेक्षा जास्त तिथेच. त्यामुळे म्युनिकमधल्या मराठी मंडळींना स्वातंत्र्यदिनी आयती रजा मिळते आणि न्युर्नबर्गवाले त्याच दिवशी कामावर असतात. आउग्सबुर्ग शहराची ८ ऑगस्टची शांतिसणाची सुट्टी तर त्या एका शहरापुरतीच. बव्हेरियाकडे सुट्ट्या भरपूर, पण शिक्षण रजा नाही. इतर बहुतेक प्रांतांत वर्षाला पाच दिवस शिकण्यासाठी पगारी रजा मिळते, आणि विषय कामाचाच हवा असं नाही. २०१९ मध्ये बर्लिन-ब्रांडेनबुर्गच्या प्रांतीय कामगार न्यायालयापुढे प्रश्न आला, की योग आणि ध्यानाचा पाच दिवसांचा वर्ग शिक्षण रजेत बसतो का. न्यायालयाने बसतो म्हटलं, ताण सोसायला शिकणंही नोकरीच्या उपयोगाचं आहे म्हणून. आपल्याकडे योग दिनाला कार्यालयात सतरंजी पसरतात, पण त्यासाठी आठवडाभर पगारी रजा मागून बघा!

पगारातल्या कपातींकडे परत यायचं, तर सामाजिक सुरक्षेचा करार भारत आणि जर्मनीत १ मे २०१७ पासून लागू आहे. भारतातली कंपनी ज्याला ठरावीक मुदतीसाठी पाठवते, त्याला भारतातला भविष्य निर्वाह निधी चालू ठेवून जर्मन पेन्शनच्या कपातीतून सूट मिळते. आणि जो तिथल्या नोकरीत पैसे भरतो, त्याची दोन्ही देशांतली वर्षं पेन्शनच्या किमान पाच वर्षांच्या अटीसाठी एकत्र धरता येतात. चाकण-हिंजवडीहून जाणाऱ्यांना हे बहुधा कंपनीच समजावते.

ज्यांना कुणी समजावत नाही, असे लोक वेगळे. २०२२-२३ पासून जर्मनीतल्या परदेशी विद्यार्थ्यांत भारतीयांचा गट सर्वांत मोठा आहे आणि त्यात मराठी मुलं पुष्कळ आहेत. त्यांना वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. कुणी प्रयोगशाळेत, कुणी गोदामात, कुणी हॉटेलच्या मोरीवर, कुणी पाठीवर चौकोनी पेटी घेऊन सायकलवर. बर्लिनमध्ये २०२१ मध्ये गोरिलाज या किराणा पोचवणाऱ्या कंपनीच्या सायकलस्वारांनी काम बंद पाडलं, त्यांतही परदेशांतून आलेली मुलं मोठ्या संख्येने होती. कायदा या मुलांना वगळत नाही. आठवड्याला दोन दिवस काम करणाऱ्यालाही त्या प्रमाणात, वर्षाला किमान आठ दिवस पगारी रजा आहे. नोकरीला चार आठवडे झाले की आजारपणात सहा आठवड्यांपर्यंत पगार आहे. छोट्या मालकाला आजारपणाच्या या पगाराचा मोठा भाग परत देणारा सामायिक निधीही आहे. पण ‘अर्धवेळ मुलांना रजा नसते’ असं मुकादमाने सांगितलं, की मुलं मान डोलावतात. व्हिसा, खोलीचं भाडं आणि पुढची परीक्षा यांच्या ओझ्याखाली वाद घालायला बळ उरत नाही. शतावरीच्या हंगामात शेतांवर येणारे पूर्व युरोपातले मजूर तर बहुधा अल्पमुदतीच्या कामाच्या नियमाखाली येतात, तिथे आरोग्य आणि पेन्शन विम्याच्या कपातीही नाहीत आणि लाभही नाहीत.

मॅक्स प्लांकच्या शास्त्रज्ञाचा निकाल हॉटेलच्या मोरीवरच्या मुलीलाही लागू होतो. तिला मालकाने कधी सांगितलंच नाही की तुझी रजा बाकी आहे, तर ती रजा वर्षाअखेर बुडालेली नाही. तीन वर्षांची वसुलीची मुदतही तोवर धावायला लागत नाही, असा केंद्रीय कामगार न्यायालयाचा डिसेंबर २०२२ चा निकाल आहे. नोकरी सोडताना ती साठलेल्या सगळ्या दिवसांचे पैसे मागू शकते. मात्र नोकरी संपल्यावर ते मागायला करारात बऱ्याचदा तीन महिन्यांची मुदत लिहिलेली असते, तेवढ्यात लेखी मागणी जायला हवी. आणि तिच्याकडे करारपत्र हवं, पगाराच्या स्लिपा हव्यात आणि कोणत्या दिवशी किती तास काम केलं याची स्वतःची नोंद हवी. जायच्या आधी सामानाची यादी करणाऱ्या पालकांनी लोणच्याच्या बरणीशेजारी एक कोरी वहीही लिहून ठेवावी.